जावळाची पिशवी

मी गरम पाण्यासाठी गेलेच नव्हते. गुडघे दुखतात हे खरं, पण ते कितीतरी वर्षं दुखतायत आणि त्यासाठी कुणी मला गाडीत घालून कुठं नेलं नाही. मी गेले ती धाकट्या सुनेला जाब विचारायला. घरात विचारलं की ती स्वयंपाकघरात निघून जाते. चालत्या गाडीतून माणूस उठून जाऊ शकत नाही, म्हणून धाकट्या मुलानं गरम पाण्याच्या झऱ्यावर चल म्हटल्यावर मी हो म्हणाले.

धाकटी सून माझ्या भावाची मुलगी. आमच्यात मामाची मुलगी करतात. मी स्वतः भावाच्या ओट्यावर बसून तिला मागून आणली. ती मला आत्याच म्हणते आणि एकेरीच बोलते. धाकटा मुलगा शेंद्र्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तो, ती आणि त्यांची मुलगी शहरात, क्रांती चौकाच्या मागं फ्लॅटमध्ये राहतात. मी देवगाव रंगारीला, शेतातल्या वस्तीवर, थोरल्याकडं. एकेकाळी आमची मेंढरं रानात पसरली की रान काळं दिसायचं. आता शेती आहे, आणि माझ्या हट्टापायी ठेवलेली मूठभर मेंढरं.

जाब याचा, की वर्ष झालं ती गावाकडं फिरकली नव्हती. दसऱ्याला आली नाही. दिवाळीच्या पाडव्याला आम्ही मेंढरं ओवाळतो. त्या दिवशी ताट धाकट्या सुनेच्या हातात, ती पुढं आणि बाकीच्या बायका मागं, असं आमच्या घरात चालत आलंय. ती आली नाही. म्हणाली, पोरीची परीक्षा. ताट थोरलीनं धरलं. थोरलीला मेंढरांच्या अंगाचा वास सोसत नाही आणि मेंढरांना थोरली सोसत नाही, सगळा गोंधळ झाला. थोरल्याच्या मुलाच्या हळदीलाही ती आली नाही. म्हणाली, पाठ धरलीय. मी रोज सकाळी धार काढून झाली की तिला फोन लावायचे आणि बोलायचे. आळशी म्हणायचे, शहरी म्हणायचे, बापाच्या वळणावर गेलीस म्हणायचे. ती ऐकायची, मधेच उलट एक ठेवून द्यायची. फोन मात्र तिनं कधी आधी ठेवला नाही.

वर्षात एकदाच दिसली. चैत्रात, मी गुडघ्याचा फोटो काढायला शहरात गेले होते तेव्हा. डोक्याला रुमाल, आणि रुमालाखाली केस नाहीत. म्हणाली, बालाजीला दिले. आमच्याकडच्या बायका गाडी करून तिरुपतीला जातात आणि डोकं भादरून येतात, त्यात नवल काही नाही. पण आमचा देव बिरोबा. घरचा देव सोडून हिनं परमुलखात जाऊन डोकं करावं, याचा मला राग आला. मी तिला तिथंच 'टकले' म्हणाले. पुढं फोनवरही तेच नाव ठेवलं. ती हसायची.

त्या वर्षात तिनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती, जावळ. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर, तिला आम्ही जावळ म्हणतो, माणसाच्या लेकराचं असतं तसंच. ती लोकर मऊ असते. मोठ्या मेंढराच्या लोकरीसारखी टोचत नाही. आमच्या घरात जावळ विकत नाहीत. त्याचा दोरा वळतात, लेकराच्या मनगटाला बांधतात, उरलेलं गाडग्यात ठेवतात. हिनं गाडगंभर मागितलं. मी म्हटलं, फ्लॅटात काय मेंढरं पाळायचीत? ती म्हणाली, उशी करायचीय. उशीसाठी जावळ मागणारी बाई मी तरी पाहिली नव्हती. तरी दिलं पाठवून.

निघालो त्या दिवशी भादव्यातला पाऊस होता. रात्रीपासून धरला होता, उघडायचं नाव नाही. वस्तीच्या रस्त्यावर एवढा चिखल, की थोरल्यानं मला ट्रॅक्टरवर बसवून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. धाकट्याची गाडी तिथं उभी होती. पुढं धाकटा आणि त्याच्याशेजारी नात. मागं सून. केस पोरासारखे बारीक वाढलेले. अंगावर पंजाबी ड्रेस, वर ओढणी. मी तिच्या शेजारी बसले, मांडीवर माझी घोंगडी.

तिनं एक हात उशीवर टाकला होता आणि उशी सीटच्या पाठीवर चढवून ठेवली होती. मी म्हटलं, "नवाबाची बेगम दिसतीय."

"व्हय," ती म्हणाली. "हुक्का तेवढा आणायचा राहिला."

कन्नड मागं पडलं आणि घाट लागला. समोर धुकं, डोंगरावरून पाणी थेट रस्त्यावर पडतंय, आणि धाकटा काचेला नाक लावल्यासारखा बसून गाडी चालवतोय. नात बारावीला आहे, तिला गप्प बसता येत नाही. ती मागं वळून मला म्हणाली, "आजी, हा सगळा डोंगर ज्वालामुखीचा आहे."

"कुठं पेटलाय?"

"आत्ता नाही गं. कोट्यवधी वर्षांपूर्वी. तू तव्यावर धिरडं टाकतेस ना, तसा रस पसरला आणि थंड झाला. मग त्याच्यावर दुसरा. ते बघ, थर दिसतात."

"तू बघाया गेली हुतीस?"

"पुस्तकात आहे."

"या डोंगरावर मी मेंढरं चारलीत," मी म्हटलं. "उन्हाळ्यातबी दगड गार असतो."

"आत गरम असतो आजी. वरून कळत नाही."

"मग आपण चाललोय ते पाणी याच्यामुळं गरम हाय व्हय?"

"नाही. ते जमिनीत लई खोल जाऊन तापून वर येतं. पण रिसॉर्टवाल्यांनी ज्वालामुखीच लिहिलंय. लोक येतात म्हणून."

मग मी सुनेकडं वळले. म्हटलं, "ज्वालामुखी राहू दे. तू बोल. काय केलं आम्ही तुझं? कोण काय बोललं? थोरलीनं टोचलं का माझं काय लागलं?"

ती बाहेर बघत राहिली. धाकटा म्हणाला, "माय, घाट उतरू दे गं. मला समोरचं दिसंना."

"तुला नाय विचारलं. तू पुढं बघ."

"आत्या," सून म्हणाली, "तिथं पोचल्यावर सांगते. शप्पत सांगते."

धाकट्यानं आरशातून तिच्याकडं पाहिलं. मला ते पाहणं आवडलं नाही. मला वाटलं, वेगळं व्हायचा विचार असणार, जमिनीची वाटणी मागणार. मी मनात उत्तरं तयार करायला लागले. चाळीसगावला भजी खाल्ली तेव्हा, एरंडोलला पाऊस आडवा मारत होता तेव्हा, आणि तापीवरून जाताना खाली चहासारखं गढूळ पाणी दिसलं तेव्हाही मी उत्तरंच तयार करत होते. जमीन तिच्या नवऱ्याच्या वाट्याची मी उद्या लिहून देईन, पण माझ्या तोंडावर माग, असं म्हणायचं ठरवलं होतं.

केळीच्या बागा संपल्या आणि सातपुड्याच्या पायथ्याला आम्ही त्या रिसॉर्टात पोचलो.

तिथं मला पहिला धक्का बसला. आत शिरल्या शिरल्या एक सिमेंटचा डोंगर. तांबडा-काळा रंगवलेला, टोकाला भोक, भोकात लाल दिवे. खाली मोठा हौद, त्यात गरम पाण्याची वाफ, आणि त्या वाफेत बाप्ये, बाया, पोरं सगळे एकत्र. वरून पाऊस पडतोय, खालून वाफ येतेय, आणि पोट सुटलेले बाप्ये चड्डीवर नाचतायत. तेवढ्यात भोंगा वाजला. डोंगराच्या भोकातून धूर निघाला, लाल पाणी वाहायला लागलं आणि सगळी माणसं ओरडत त्याच्याखाली धावली. मी नातीचा दंड धरला.

"हाच ज्वालामुखी," ती म्हणाली.

"असला डोंगर आपल्यात गणपतीपुढं करतात," मी म्हटलं. "त्याच्यासाठी एवढं पेट्रोल जाळलं?"

खिडकीतली पोरगी म्हणाली, "आजी, नायलॉनचा ड्रेस घातल्याशिवाय पाण्यात उतरता येणार नाही. इथं भाड्यानं मिळतो." तिनं तो दाखवला. पोरींच्या शाळेत खेळायला घालतात तसला, गुडघ्याच्या वरपर्यंत.

मी म्हटलं, "हे मी घातलं तर तुमचा डोंगर खरंच फुटंल."

ती हसली. म्हणाली, बायकांची बंद न्हाणी मागं आहे, तिथं लुगड्यावर चालतं. झऱ्याचं पाणी थेट तिथं येतं.

धाकटा म्हणाला, "तुम्ही दोघी जा." त्यानं पुन्हा सुनेकडं तसंच पाहिलं. नात सिमेंटच्या डोंगराकडं पळाली.

न्हाणी म्हणजे दगडी टाकं, वर पत्रा. चार पायऱ्या उतरायच्या. भिंतीतल्या दगडी तोंडातून गरम पाणी पडत होतं. आगकाडी ओढल्यावर येतो तसला वास कोंडला होता. पाऊस पत्र्यावर असा वाजत होता, की बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. आत आम्ही दोघीच.

मी लुगड्यावर उतरले. सून कोरडीच वरच्या पायरीवर बसली.

"ये की," मी म्हटलं. "पाठ चोळते तुझी. लगीन होऊन आलीस तवा चोळायची तशी."

"नको. सर्दी हाय."

"गरम पाण्यानं सर्दी जाती."

"आत्या, तुला सांगायचं होतं ना, ते आधी ऐक."

मला वाटलं, आता वाटणीचं निघणार. मी उभी राहिले, कारण जमिनीचं बोलणं बसून ऐकायचं नाही असं मला वाटतं. शेवाळावर पाय पडला आणि सरकला. गुडघ्यानं दगा दिला. मी मागं पडत होते, डोकं दगडावर आपटलंच असतं. सुनेनं वरून उडी टाकली, माझा दंड धरला आणि ओढली. जड बाई आहे मी. दोघीही पाण्यात गेलो, पण डोकं वाचलं.

नाकातोंडात ते वासाचं पाणी गेलं. खोकत खोकत मी पायरी धरली. ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, ओढणी गळून गेलेली, डावा हात छातीशी दाबलेला. चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, लागलं कुठं तरी.

पाण्यावर काहीतरी तरंगत माझ्याकडं आलं. मुठीपेक्षा मोठी, पांढऱ्या सुती कापडाची, हातानं शिवलेली पिशवी. मला वाटलं, अंग घासायची घासणी असेल, आधीची कुणी विसरली असेल. मी उचलली. दाबली. तिच्यातून पाणी निथळलं आणि त्या काडीच्या वासातून दुसरा वास आला. ओल्या लोकरीचा. जन्मभर त्या वासात झोपलेय मी, तो मला झोपेतही कळेल. कापडातून बोटांना लागली ती मोठ्या मेंढराची लोकर नव्हती. जावळ होतं. आमचं.

"ही उशी व्हय?" मी म्हटलं. एवढी लहान उशी कशाला, एवढंच डोक्यात आलं होतं.

तिनं छातीवरचा हात काढला. ओला ड्रेस अंगाला चिकटला होता. एका बाजूला होतं ते होतं. दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. सपाट.

मी बघत राहिले. बाहेर भोंगा वाजला, माणसं ओरडली, सिमेंटचा डोंगर पुन्हा पेटला असणार. पिशवी माझ्या हातात होती आणि ती मी दाबतच होते.

मेंढराला कासेत गाठ होते. हाताला आधी टणक लागतं, मग एक सड जातो. तशा मेंढीला आम्ही 'एका सडाची' म्हणतो. तो शब्द माझ्या डोक्यात आला. मी तो आणला नाही, तो आपसूक आला. आपल्या डोक्याची मला तेव्हा शिसारी आली. समोर भावाची लेक उभी आहे, आणि मला मेंढरं आठवतायत.

"कधी?" मी विचारलं.

"गेल्या दसऱ्याच्या आधी. गाठ निघाली. कॅन्सर म्हणाले. काढून टाकलं."

"केस?"

"औषधानं गेले."

"आन् बालाजी?"

"बालाजीला कोण गेलंय आत्या."

ती पायरीवर बसली. मीही बसले. मी रडले नाही. रडू आलं की मी रडते, तेव्हा आलं नाही. गरम पाण्यात पाय होते आणि पाय गार पडले होते. वर्षभर मी तिला काय काय म्हणाले ते एकेक आठवायला लागलं. टकले हे त्यातलं सगळ्यात सौम्य होतं.

"हात का धरलास छातीशी? लागलं का?"

"याच बाजूचा हात हाय. जड उचलू नको म्हणालेत. गरम पाणीबी नको. सुजतो."

त्याच हातानं तिनं मला ओढलं होतं. गाडीत उशीवर टाकलेला हात तोच होता. मी तिचा हात धरायला गेले आणि धरला नाही. दुखेल म्हणून.

"कुणाकुणाला ठाऊक हाय?"

"सगळ्यांना."

"थोरल्याला?"

"व्हय."

"थोरलीला?"

"डबे घेऊन तीच यायची दवाखान्यात. तुला सांगायची, माहेरी चाललेय म्हणून."

"तुझ्या बापाला?"

"दादाला पहिल्या दिवशीच सांगितलं."

माझा भाऊ दर बाजारच्या दिवशी माझ्या दारात बसून चहा पितो. वर्षभर पीत होता. मी त्याच्यासमोर त्याच्याच लेकीला नावं ठेवत होते आणि तो बशीत फुंकर मारत होता. हे मला सगळ्यात जास्त लागलं. तिच्या छातीपेक्षाही जास्त लागलं, असं लिहिलं तर लोक मला काय म्हणतील ते मला माहीत आहे. पण त्या वेळी तसंच झालं.

"म्हंजे घरात मीच परकी," मी म्हटलं. "जिनं तुला मागून आणली, ती."

"तसं नाय."

"मग कसं?"

पाऊस एवढा वाजत होता, की ती माझ्या कानाशी येऊन बोलली. म्हणाली, "आत्या, सगळे माझ्याशी हळू बोलाया लागले. हे हळू बोलतात. पोरगी हळू बोलती. थोरली जाऊ, जिनं कधी मला पाणी विचारलं नाय, ती हातात ताट देती. दादा फोनवर नुसता बाळ बाळ करतो. मेलेल्या माणसाजवळ बोलतात तसं सगळे बोलतात. मग सकाळी तुझा फोन यायचा. तू म्हणायचीस, आळशे, उठलीस का नाय अजून. मला वाटायचं, आपण बऱ्या हाओत. बऱ्या माणसालाच शिव्या देतात. तुला कळलं असतं, तर तूबी हळू बोलली असतीस."

"मी नसते बोलले."

"बोलली असतीस," ती म्हणाली. "आत्ताच बघ. हात धरायला आलीस अन् धरला नाय."

वाटेत तयार केलेली सगळी उत्तरं जमिनीची होती.

"आता गेलं का सगळं?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधी तपासणी हाय. तवा कळंल."

"आन् ही?" मी पिशवी वर केली.

"दवाखान्यातली मिळती, रबराची. उकडतं तिनं. अंगावर पुरळ उठलं. मग हे सुचलं." ती जराशी हसली. "एका सडाची मेंढी झाले मी. विकतीस का बाजारात?"

माझ्या डोक्यातला शब्द तिच्याही डोक्यात होता. तीही मेंढरातच वाढलेली.

संध्याकाळी धाकट्याला व्हरांड्यात गाठून विचारलं, की तू माझा मुलगा आहेस का भाडेकरू. तो म्हणाला, "तिनं पोरीची शपथ घातली हुती, माय. आता तीच म्हणाली, आत्याला सांगू, पण घराबाहेर कुठं तरी नेऊन." मग तो बाप्या माणूस माझ्यासमोर रडला. त्याचीही मला दया आली नाही. त्याला वर्ष मिळालं होतं रडायला, मला अजून दिवसही झाला नव्हता. रात्री मला झोप लागली नाही, त्यापेक्षा जास्त त्या रात्रीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

सकाळी परत निघालो. पाऊस तसाच. गाडीत पुन्हा आम्ही दोघी मागं. तिचा हात मनगटापाशी फुगला होता. मी माझी घोंगडी घडी करून सीटच्या पाठीवर ठेवली आणि तिचा हात तिच्यावर चढवला. नातसुद्धा गप्प. तिला आता कळलं होतं, की मला कळलंय.

तापी ओलांडली. मी तिच्याकडं बघायचे आणि नजर काढून घ्यायचे. एरंडोलच्या जवळ मी म्हणाले, "थकलीस का गं बाळ? पाणी देऊ का?"

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. माझा भाऊ बोलावा तसा आवाज होता. सुनेनं तोंड खिडकीकडं केलं. काचेवरून पाणी ओघळत होतं, आणि बघण्यासारखं बाहेर काहीही नव्हतं. तरी ती बघत राहिली. मला वाटलं, मी आत्ता या पोरीचा हात सोडला.

चाळीसगावपर्यंत मी मनात शोधत होते. तिला बोलण्यासारखं काहीतरी, खरं, लटकं नाही. लटकं तिला कळलं असतं. भांडण शोधून काढावं लागेल असं मला जन्मात वाटलं नव्हतं.

तिच्या पायाशी प्लॅस्टिकची पिशवी होती. मी उचलली. आत ते ओलं गाठोडं. बाहेर काढून मी मांडीवर उलटंपालटं केलं. गरम पाण्यात जावळाचा गोळा झाला होता, एका बाजूला दगड आणि एका बाजूला नुसतं कापड. आणि शिवण बघितली. हे लांब लांब टाके, दोऱ्याचं टोक मोकळं, कोपऱ्यातून लोकर बाहेर आलेली.

"ही शिवण कुणाची?" मी विचारलं.

"माझी."

"कुत्र्यानं ओरबाडल्यावानी शिवलंय. तुझ्या आईनं तुला हेच शिकवलं व्हय? असल्या टाक्यांनी पोतंबी शिवत नाय आम्ही."

ती खिडकीकडूनच म्हणाली, "झोपून शिवलंय. हात वर होत नव्हता."

"हात वर होत नव्हता तर मला पाठवायचं. गाडगंभर जावळ दिलं मी तुला. पिंजलं का नाय आधी?"

"नाय पिंजलं."

"बघा. न पिंजता कोंबलं. गोळा नाय होणार तर काय होईल? लोकरीच्या घरात जन्मली, लोकरीच्या घरात आली, अन् लोकर पिंजायची अक्कल नाय."

ती वळली. "पिंजायला कुठं बसू? फ्लॅटात? सगळ्या पंख्याला लागली असती."

"मग पंखा बंद करायचा."

"उकडतं."

"रबरानं उकडतं, पंख्याबिगर उकडतं, सगळंच उकडतं हिला."

मी दातानं शिवण तोडली, जावळ बाहेर काढलं आणि लुगड्याच्या ओच्यावर पसरलं. बोटांनी एकेक पुंजका सोडवायला लागले. घाट लागेपर्यंत काळ्या लोकरीनं माझी मांडी भरली होती. बराचसा गोळा सुटायचा नव्हता, ते मला कळत होतं. गरम पाण्यात बसलेली लोकर पुरती सुटत नाही. नवीन भरावी लागते.

"हे आता कामाचं नाय," मी म्हटलं. "पार गोळा बसलाय. घरी गेल्यावर गाडग्यातलं काढते. पण पिशवी मी शिवणार. तू हात लावायचा नाय."

"बरं."

"आन् तपासणीला मी येणार."

"तू आलीस तर डॉक्टर पळून जाईल."

"पळू दे. मी धरून आणते. तपासणीत काय निघायचं ते निघंल. पाडव्याला ताट धरायला तू येणार. गेल्या साली थोरलीनं धरलं तर एडक्यानं तिला कुडापर्यंत ढकलत नेलं."

"अन् माझ्यानं येणं झालं नाय तर?"

आम्ही घाटात होतो. धुक्यात धाकट्यानं गाडी जवळजवळ थांबवली होती. पुढं दोघं श्वास धरून बसलेत हे मला मागून कळत होतं. मला हळू बोलायचं होतं. ते बाळ, ते पाणी देऊ का, सगळं घशाशी आलं होतं. मी ते गिळलं.

"येशील," मी म्हटलं. "ताट एका हातानंबी धरता येतं, टकले."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "आत्ता बोललीस." आणि माझ्या ओच्यातला एक पुंजका उचलून, चांगल्या हातानं, सोडवायला लागली.

"तसा नाय," मी म्हटलं. "टोकाकडून धर. मधे काय ओढतीस?"

"मी मेंढराच्या घरची हाय आत्या. मला शिकवू नको."

"दिसतंय ते."

नातीला गुदमरलं असावं, तिनं काच खाली केली. वारा आणि पाऊस दोन्ही आत आले आणि जावळ उडालं. धाकट्याच्या मानेवर, आरशाला, नातीच्या केसात. आम्ही दोघी एकदमच तिच्यावर ओरडलो. तिनं घाईनं काच वर केली. धाकट्यानं मानेवरची लोकर झटकली नाही, तसाच गाडी चालवत राहिला. कन्नड येईपर्यंत आम्ही टाक्यांवरून भांडत होतो.